एका माणसाला एकच रोग पुरे, म्हणायचास

हरेश,

काल रोडपालीत तुझी शोकसभा झाली. मंडपवाला तोच होता, आपल्या सामन्यांना यायचा तो. सवयीने त्याने भोंगे मैदानाकडे तोंड करून लावले होते, कुणीतरी सांगितल्यावर फिरवले. माणसं एकामागून एक उठून बोलली आणि सगळ्यांच्या तोंडात एकच शब्द होता, अचानक. "हरेशभाऊ अचानक गेले." "परवा तर हसत होता, आन् अचानक." मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. मग मलाही बोलावलं. माईक हातात आला. मला माईक धरायची सवय नाही. तो कायम तूच माझ्या तोंडापुढे धरायचास आणि मी दोन शब्द बोलायच्या आत ओढून घ्यायचास. "अल्लाह त्याला सुखात ठेवो" एवढंच म्हणून मी खाली बसलो.

तिथे बोललो नाही ते इथे लिहितो. तू अचानक गेला नाहीस. तुझं जाणं फार वर्षं वाटेवर होतं. त्यातली निम्मी वर्षं तू त्याच्याकडे पाठ करून बसलास आणि उरलेली निम्मी वर्षं त्याला दोन्ही हातांनी मागे ढकलत राहिलास. हे दुसरं फार जणांना माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मी शेजारी उभा होतो. शिवाय आपली काही भांडणंही मिटायची राहिलीत.

आठवीत तू आमच्या शाळेत आलास. रोडपालीहून एसटीने यायचास, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. वर्गात कुणी तुझ्याशेजारी बसेना, जवळ्याचा वास येतो म्हणून. मला तो वास घरचाच होता. पहिल्याच दिवशी मी तुझी निम्मी भाकरी खाल्ली आणि तू म्हणालास, "उद्यापासून दोन जास्त आनतो, पन तुझ्या घरचं पन कायतरी आन." तू मला तेव्हापासून 'मुस्ताक' म्हणायला लागलास. माझं नाव मुश्ताक आहे हे तुला शेवटपर्यंत मान्य झालं नाही.

तुझी बोलिंग मी प्रथम पाहिली ती शाळेमागच्या पडीक जागेत. टेनिस बॉल एवढ्या जोरात सुटू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. तुझ्यासमोर विकेटकीपर म्हणून उभं राहायला कुणी तयार होईना. मी जाडजूड होतो, चुकवता येत नव्हतं, म्हणून मला उभं केलं. पुढची सगळी वर्षं मी तिथेच उभा राहिलो. भातकापणी झाली की शेतं रोलरने दाबून मैदानं व्हायची. उरणपासून पनवेलपर्यंत गावोगाव सामने. रविवारी अम्मी मला आमच्या चष्म्याच्या दुकानातून सोडायला सांगायची आणि अब्बा चष्म्याच्या काचा घासत पुटपुटायचे, "गिऱ्हाईक आंधळं राहिलं तरी चालेल, याचा बॉल सुटता कामा नये."

त्या उरणच्या फायनलचं भांडण अजून उभं आहे. शेवटचा बॉल, फलंदाजाच्या बॅटला कड लागली की नाही कुणास ठाऊक, बॉल माझ्या हातात. तू हात वर करून नाचायला लागलास. पंचाने नकाराची मान हलवली. "तू वरडला नायस मुस्ताक! तू वरडला असतास तर त्याने दिला असता!" मी ओरडलो होतो रे. जरा हळू ओरडलो असेन, कारण मला कड लागल्याचा आवाज नीट ऐकू आला नव्हता. पुढे तू लग्नात, बारशात, माझ्या मुलाच्या साखरपुड्यातही लोकांना हे सांगत राहिलास. मी दर वेळी म्हणायचो, कड लागली नव्हती. आज एकटा बसून विचार केला तरी मला खरंच माहीत नाही, लागली होती की नव्हती.

तुझ्या कोपरावर पहिला चट्टा आला तेव्हा आपण विशीत होतो. लालसर जागा, वरून चंदेरी पापुद्रे. तू म्हणालास, डाइव्ह मारल्याने सोललंय. मग दुसऱ्या कोपरावर आला, गुडघ्यावर आला, केसांत आला. तू पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला लागलास. उन्हातल्या मॅचलाही मनगटापर्यंत बटणं लावलेली. लोकांना वाटायचं, मोठ्या बोलरची ऐट आहे. एकदा पाण्याचा ग्लास फिरत होता आणि तुझ्यानंतर ज्याची पाळी होती त्याने तो तसाच पुढे सरकवला. तू हसून म्हणालास, "अरे पी, मना काय तुला चावायचं हाय?" सगळे हसले. मी तुझ्याकडे पाहिलं, तू बुटाची नाडी बांधत बसला होतास आणि नाडी तर बांधलेलीच होती.

न्हाव्याने एकदा नकार दिला, तेव्हा तू तडक आमच्या घरी आलास. अम्मीने तुला मोरीजवळ पाटावर बसवलं, खोबरेल कोमट केलं आणि तुझ्या डोक्याला लावलं, लहान पोराला लावतात तसं. "अरे, हे कातडीचं आहे, लागण नाही होत त्याने," ती म्हणाली. तिला हे कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक, पण ते खरं होतं. मग तिने स्वतःच तुझे केस कापले. वाकडेतिकडे. दुसऱ्या दिवशी तू मैदानात सगळ्यांना अभिमानाने दाखवत होतास, "मुस्ताकच्या आईची कटिंग हाय."

हाडांचं सुरू झालं ते तुझं लग्न होऊन तुझी लेक प्रणाली बोलायला लागल्यावर. सकाळी उठल्यावर टाच जमिनीला टेकवता येईना. वैशाली वहिनी सांगायच्या, "भिंत धरून चालतात, अंघोळ झाली की मग जरा माणसात येतात." मग उजव्या हाताचं मधलं बोट बुडापासून टोकापर्यंत सुजलं, हवा भरल्यासारखं. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडले. कुणी म्हणालं चिकुनगुनिया मागे राहिलाय. कुणी म्हणालं युरिक ॲसिड, आणि तुझी डाळ बंद केली, टोमॅटो बंद केले. डाळ बंद केल्यावर तू आठवडाभर माणसांत बसला नाहीस. शेवटी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणल्यास आणि त्या शेंगदाण्यासारख्या खायला लागलास. गोळी घेतली की संध्याकाळपर्यंत बरं, पुन्हा सकाळी भिंत. चट्टे आणि सांधे यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे कुणाच्याच मनात आलं नाही. चट्ट्यांसाठी मलम, सांध्यांसाठी गोळी, दोन वेगळी माणसं असल्यासारखी.

तुझी शेवटची ओव्हर कळंबोलीच्या मैदानावर झाली. तिसऱ्या बॉलला बोटांतून बॉल निसटला आणि माझ्या डोक्यावरून गेला. चौथा पण तसाच. तू बॉल माझ्याकडे टाकलास, टोपी काढलीस आणि बाहेर गेलास. लोकांना वाटलं, पाणी प्यायला गेला. मला कळलं होतं. मी पॅड काढले आणि तुझ्या मागे आलो. आपण कुंपणाजवळ शेतबांधावर बसून ती मॅच शेवटपर्यंत पाहिली. तू रडला नाहीस. फक्त एकदा म्हणालास, "बोट सरल होत नाय रे, बॉलला सोडतच नाय." मी तुझं बोट धरून पाहिलं. गरम होतं.

पुढच्या वर्षी त्याच मैदानावर कॉमेंट्री करणारा माणूस आलाच नाही. आयोजक धावपळ करत होते. तू उगाच माईक हातात घेतलास, गंमत म्हणून, आणि त्यानंतर तो तुझ्या हातातून कुणी काढून घेतला नाही. "आन् बॅट्समन आलाय हेल्मेट घालून! टेनिस बॉलला हेल्मेट! बाबा रे, सासरेबुवा बघायला आलेत काय?" मैदान लोळायचं. पुढच्याच क्षणाला आवाज खाली आणून तू म्हणायचास, "यो पोरगा बघा. ह्याचा बाप माझ्या बोलिंगला खेळायचा. तोच खांदा, तीच उभं राहायची पद्धत." आणि कडेला उभा असलेला बाप डोळे पुसायचा. तुला माणसं ओळखता यायची. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाच्या घरी कालच कोण गेलं, सगळं तुला ठाऊक. हरलेल्या संघाच्या कॅप्टनला तू कधी एकटं सोडलं नाहीस.

पण त्या खुर्चीने तुझं दुसरं नुकसान केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहायचास. चालणं गेलं, कारण चाललं की दुखायचं. पोट सुटलं. दोन ओव्हरच्या मध्ये सिगरेट, घसा बसू नये म्हणून चहा, चहाबरोबर वडापाव. घरी आलं की दुखण्याची गोळी. तुझे वडील छातीच्या दुखण्याने तरुणपणी गेले होते, शेतात काम करता करता. हे तू सांगायचास ते एखाद्या जुन्या पुराची गोष्ट सांगावी तसं. तो पूर आपल्या दारातूनही जाऊ शकतो असं तुला कधी वाटलं नाही.

मग तो लाल डोळा. तू दुकानात आलास ते एक डोळा मिटून. "मुस्ताक, चष्मा दे कायतरी काला, ऊन सोसत नाय." डोळा असा लाल होता की मी चष्मा काढून द्यायच्या ऐवजी शटर खाली ओढलं आणि तुला समोरच्या गल्लीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे आल्याचं आम्हा दोघांनाही वाटत होतं. डॉक्टरांनी डोळ्यात पाहिलं आणि मग विचारलं, "सकाळी पाठ, सांधे धरतात का?" तू चपापलास. त्यांनी बाही वर करायला सांगितली. नखं पाहिली. मग म्हणाले, "डोळ्याला आतून सूज आहे, थेंब देतो. पण तुम्ही संधिवाताच्या डॉक्टरांना भेटा. मला वाटतं हे सगळं एकाच घरातलं आहे."

नवीन पनवेलच्या त्या दवाखान्यात आपण पहिल्यांदा गेलो तो दिवस मला बारीकसारीक आठवतो. डॉक्टर मॅडम आपल्याहून कितीतरी लहान. तुझी बोटं एक एक करून दाबत होत्या. म्हणाल्या, "हा सोरायसिसचा संधिवात आहे. तुमच्या शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा तुमच्यावरच उलटली आहे. कातडीवर तीच, सांध्यात तीच, डोळ्यात तीच." तू मान डोलावलीस. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर तू त्यांचे पाय धरले असतेस. पण त्यांनी रक्तदाब मोजला, कंबर मोजली, वडिलांचं विचारलं, सिगरेटचं विचारलं. साखर आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्या लिहून दिल्या.

"मॅडम, मी सांधे दाखवायला आलोय," तू म्हणालास.

"हो. आणि ज्या सुजेने सांधे सुजतात ती रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. हा आजार असलेल्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यात तुमचा रक्तदाब वाढलेला, वजन जास्त, सिगरेट, वडिलांचा इतिहास. आणि ही दुखण्याची गोळी मनाने रोज खायची नाही, तीही हृदयाला आणि किडनीला चांगली नाही."

रिक्षात तू पेटलास. "बघितलंस? गेलो बोटाला आन् ही आली छातीला. एका माणसाला एकच रोग पुरे हाय, मुस्ताक! दोन दोन कोन घेतो?" रिक्षावाला मागे वळून हसला. मी पण हसलो. माझ्या हसण्याने तू आणखी चिडलास.

आठवड्यातून एकदा घ्यायच्या त्या गोळ्यांनी, आणि पुढे सुरू केलेल्या इंजेक्शनने, चमत्कार केला. सकाळची भिंत सुटली. बोट बारीक झालं. चट्टे विरत गेले आणि कोपरांवर फक्त फिकट जागा राहिल्या. तुझ्या भाच्याच्या हळदीला तू हाफ शर्ट घालून आलास! कितीतरी वर्षांनी मी तुझे दंड पाहत होतो. बेंजोच्या तालावर तू असा नाचलास की वैशाली वहिनी तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. हसत होत्या की रडत होत्या, मी विचारलं नाही. त्या दिवशीचा तू माझ्या डोळ्यांपुढे सगळ्यात जास्त येतोस. हळदीने पिवळा झालेला, घामाने डबडबलेला, उघड्या हातांचा.

पण बरं वाटायला लागलं आणि तू ठरवून टाकलंस की रोग संपला. सांध्यांचं औषध घ्यायचास, कारण ते सोडलं की बोट आठवण करून द्यायचं. रक्तदाबाची गोळी मात्र कपाटात. कोलेस्टेरॉलची गोळी तर तू आणलीच नाहीस. "ती न घेतली तर कुठं दुखतंय?" हा तुझा मुद्दा. मी म्हणायचो, दुखत नाही हीच तर अडचण आहे. सिगरेट चालूच. एकदा सामना सुरू असताना मी तुझ्या ओठांतून ती ओढून विझवली. माईक चालू होता. तू त्याच माईकवर म्हणालास, "प्रेक्षकांनो, आमचा कीपर आज पन बॉल सोडून भलतंच पकडतोय." लोक हसले, तू हसला नाहीस. त्यानंतर एक अख्खा पावसाळा तू माझ्या दुकानाची पायरी चढला नाहीस. रस्त्याने जाताना आत बघायचास मात्र. मला काचेतून दिसायचं.

अबोला मोडला तो प्रणालीने. तिने फोन केला तेव्हा मी दुकानात दुपारच्या गिऱ्हाइकाला फ्रेम दाखवत होतो. "काका, बाबा मैदानावर आहेत, त्यांचा खांदा दुखतोय, घाम येतोय, आणि ते ऐकत नाहीयेत." मी रिक्षा करून पोचलो. तू माईक हातात धरून बसला होतास, चेहरा राखेसारखा. "सांध्याचा खांदा हाय रे, जुनाच. गोळी घेतली की जाईल." प्रणाली समोर उभी होती. कॉलेजात जाणारी पोर, पण आवाज असा की मीही दचकलो. "बाबा, मॅडम काय म्हणाल्या होत्या? घाम, धाप, छातीत नाही तर खांद्यात, जबड्यात दाबल्यासारखं झालं, तर सांध्याचं समजून घरी बसायचं नाही. चला."

ती तुझ्याबरोबर एकदाच दवाखान्यात आली होती, आणि तिने ऐकलं होतं. तू नेहमी जायचास आणि ऐकलं नव्हतंस. रुग्णालयात पोचल्यावर धावपळ झाली. रक्तवाहिनी बंद झाली होती, ती उघडून तिथे स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मी बाहेरच्या बाकावर बसून जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या म्हटल्या. शेजारी वैशाली वहिनी कुलदेवीला काहीतरी बोलत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "मुश्ताकभाऊ, तुमचं झालं की माझं पन थोडं म्हना, माझं ध्यान लागत नाय." मी म्हटलं.

शुद्धीवर आल्यावर तू मला पाहिलंस आणि पहिलं वाक्य बोललास, "तू वरडला असतास ना त्या दिवशी, तर यो ॲटॅक आलाच नसता." अबोला संपला.

हरेश, त्यानंतरची वर्षं लोकांना दिसली नाहीत. लोकांना माईकवरचा हरेश दिसला. सिगरेट सोडताना तू किती वाईट वागलास ते मला आणि वहिनींना माहीत. भांडी आपटलीस, जेवण टाकून उठलास, बडीशेप चावून चावून जबडा दुखवून घेतलास. पण सोडलीस. पहाटेऐवजी ऊन जरा वर आल्यावर, कारण तोवर तुझे सांधे मोकळे व्हायचे, आपण वडाळे तलावाभोवती चालायला लागलो. सुरुवातीला अर्धी फेरी, मग बाक. बाकावर बसून तू चालणाऱ्यांची कॉमेंट्री करायचास. "आन् ह्या आल्या पाटील काकू, वेग चांगला, पन फोनवर बोलत असल्यामुले दिशा चुकलेली." मग पूर्ण फेरी, मग बाकाशिवाय. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कपाटातून जेवणाच्या ताटाशेजारी आल्या. जिताडा माशाचं कालवण झालं की तुकडा तुझा, पण सोबतचा भाताचा डोंगर निम्मा वहिनी उचलून घ्यायच्या. तू त्यांच्याकडे लुटलेल्या माणसासारखा बघायचास.

आणि माईकवर तू जे सुरू केलंस, त्याबद्दल काल एकही जण बोलला नाही. चहाच्या सुट्टीत, गाणं लावायच्या आधी, तू म्हणायचास, "ज्यांच्या कोपरावर चट्टे हायत त्यांनी बाह्या खाली ओढू नका. माझ्याकडं या. आन् ज्यांना चट्टे हायत आन् सांधे पन धरतात, त्यांनी छाती पन तपासून घ्या. मी उशीर केला. माझ्या बोलिंगवर विश्वास ठेवला तसा ह्याच्यावर पन ठेवा." पहिल्यांदा कुणी आलं नाही. मग एक रिक्षावाला आला. मग एक बाई, मुलाला घेऊन. तू त्यांना मैदानाच्या कडेला उभं राहून स्वतःची बाही वर करून दाखवायचास. ज्या बाहीच्या आत तू अर्धं आयुष्य लपलास, ती तू भर मैदानात वर करायचास. हे बघताना मला जे वाटायचं ते मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर तू त्याचीही थट्टा केली असतीस.

तलावाच्या बाकावर आपलं दुसरं भांडण व्हायचं. तू म्हणायचास, "मॅडमचं पहिल्यांदाच ऐकलं असतं तर?" मी म्हणायचो, नंतर तरी ऐकलंस ना. तू म्हणायचास, नंतर ऐकणं म्हणजे बॉल सुटल्यावर हात पुढे करणं. मी म्हणायचो, मी कीपर आहे, मला माहीत आहे, सुटलेल्या बॉलच्या मागे धावूनही धावा वाचतात. पटलं असं तू कधी म्हणाला नाहीस. त्या झटक्यात हृदयाचा काही भाग कायमचा दुबळा झाला होता, डॉक्टरांनी ते लपवलं नव्हतं. तू त्याच दुबळ्या हृदयावर प्रणालीची पदवी पाहिलीस, तिची बेलापूरची नोकरी पाहिलीस, पहिल्या दिवशी तिला स्टेशनवर सोडायला गेलास आणि गाडी सुटल्यावरही हात हलवत राहिलास. ही वर्षं तुला फुकट मिळाली नाहीत, तू कमावलीस. काल मला हे बोलायचं होतं.

शेवटचं मी तुला पाहिलं ते आदल्या दिवशी तलावावर. एका फेरीतच दमलास. म्हणालास, "आज पाय जड हायत." त्याच दुपारी तू मुकाट्याने डॉक्टरांना दाखवून आलास, औषध बदलून घेतलंस. म्हणजे तू टाळलं नाहीस. दुसऱ्या दिवशी जेवून आडवा झालास. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा तू गेलेला होतास. मी आलो तर तुझा हात चादरीवर होता, बोटं सरळ. ती सरळ बोटं मी हातात धरली आणि मला रडू आवरेना.

अम्मी आता फार ऐकत नाही, फार चालत नाही. तिला सांगितल्यावर तिने माझा हात धरला. मग म्हणाली, "त्याच्या डोक्याला तेल लावून पाठवलं का?" मी हो म्हणालो. वहिनींनी लावलं होतं.

आज दुपारी प्रणाली दुकानात आली. वहिनींच्या चष्म्याची काडी तुटली होती. मी काडी बदलत होतो आणि ती काउंटरवर वाकून पाहत होती. केस पुढे आले, तिने ते कानामागे सारले, आणि कानामागे मला तो चट्टा दिसला. लालसर, वर चंदेरी पापुद्रा. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला.

"प्रणाली, हे कधीपासून?"

तिने हात कानाकडे नेला आणि मग सोडून दिला. "झालं वर्ष. काका, घाबरू नका."

"घाबरू नका काय? आधी नवीन पनवेलला चल. आणि नुसतं कातडीचं नाही, मॅडमना सांगून…"

"सांध्यांचं बघून झालंय. अजून काही नाही. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सगळं झालंय. दर वर्षी करायचं ठरलंय." ती मला थांबवत म्हणाली. "बाबांनी नेलं होतं. मला दिसायच्या आधी त्यांनाच दिसलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकायला लावली. मॅडम माझ्या नखांकडे बघत होत्या तर बाबा मध्येच म्हणाले, 'आधी छातीचं लिहा, मॅडम. सांधे मंग बघू.' मॅडम इतक्या हसल्या, काका. म्हणाल्या, 'हरेशभाऊ, हे तुम्ही बोलताय?'"

मी स्टुलावर बसलो.

"मला का नाही सांगितलं त्याने?"

"मीच विचारलं होतं, काकांना सांगूया का. तर म्हणाले, नको, तो दुकान बंद करून तुझ्या मागं मागं फिरेल. तुझं जगणं मुश्किल करेल." ती हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं. मी काउंटरच्या बाहेर आलो. माझ्या दुकानात रस्त्यावरून सगळं दिसतं, दिसू दे म्हटलं. आम्ही दोघं तिथेच उभ्याने तुझ्यासाठी रडलो. मग मी स्क्रू शोधला, काडी बसवली, आणि तिने तोंड धुतलं.

जाताना दारात थांबून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मॅडमकडे जायचंय. आई एवढ्यात घराबाहेर पडणार नाही. तुम्ही याल? पण तिथे लेक्चर द्यायचं नाही."

येतो म्हणालो. गप्प बसेन, असं मात्र कबूल केलेलं नाही.

तुझा,
मुस्ताक